आधी नावं जुळवा, वाय-फाय नंतर

प्राचार्य मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयाला साठ वर्षं झाली, मुख्य इमारत काळ्या दगडाची आहे, नुकतीच स्वायत्तता मिळाली आणि केंद्राच्या पीएम-उषा योजनेतून ५ कोटींचं अनुदान मंजूर झालं. संस्थेच्या बैठकीत ‘कॅम्पस डिजिटल करायचा’ असं ठरलं आणि आठवड्याभरात तीन कंपन्यांची माणसं स्मार्ट बोर्ड, हजेरीची यंत्रं, मोबाइल ॲप यांची दरपत्रकं घेऊन दारात उभी राहिली. कुठून सुरुवात करायची आणि काय टाळायचं, असं तुम्ही विचारलंत. मी एका विद्यापीठाच्या संगणक विभागात २६ वर्षं काढली, त्यातली बरीचशी परीक्षा विभागाच्या कामात गेली. निवृत्तीनंतर काही महाविद्यालयांना हेच काम करायला मदत करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

दरपत्रकं सध्या कपाटात ठेवा. जूनमध्ये प्रवेशाची गर्दी असताना एक पूर्ण दिवस कार्यालयाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसा. हातात एक वही घ्या. खिडकीवर येणारा प्रत्येक विद्यार्थी कशासाठी आलाय, या कामासाठी कितव्यांदा आलाय आणि काम अडलं ते नेमकं कशामुळे, एवढंच लिहायचं. मी प्रत्येक ठिकाणी हे आधी करतो. बोनाफाईड, टीसी, फी भरली पण पावती दिसत नाही, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, हॉल तिकिटावर विषय चुकला अशी यादी तयार होते. आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्या यादीत वारंवार दिसणारी गोष्ट म्हणजे नावातली दुरुस्ती.

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण एकाही दरपत्रकात ही गोष्ट नसते.

आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधार कार्डावर बहुतेकदा स्वतःचं नाव आधी, काहींच्या कार्डावर वडिलांचं नावच नाही. बँकेच्या पासबुकात तिसरंच काहीतरी. एकाच मुलीची ‘ज्योत्स्ना’ रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिलेली मी एकाच फाइलमध्ये पाहिली आहे. वडिलांच्या नावापुढचं ‘राव’ एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलीचं तृतीय वर्षापर्यंत लग्न होतं आणि आडनाव बदलतं. पूर्वी हे सगळं खपून जायचं, कारण खिडकीतल्या माणसाला दिसायचं की समोरची मुलगी तीच आहे. यंत्राला ते दिसत नाही. २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन खात्याचे, नियम आले, आता १२ अंकी अपार हा विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक आला. विद्यार्थ्याचे श्रेयांक त्या खात्यात जमा व्हायचे असतील तर तुमच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. जुळलं नाही की श्रेयांक अडकतात, आणि हे मुलाला कळतं ते दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेताना.

देवनागरी नावाची गोष्ट याहून अवघड. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारा अक्षरांचा एकच संकेत, रुळण्याआधी आपण श्रीलिपी, आयएसएम अशा निरनिराळ्या फॉन्टमध्ये पदव्या छापत होतो. त्या फाइलींमधली अक्षरं खरं तर त्या फॉन्टचे सांकेतिक आकडे आहेत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की समोर नुसती कचरापट्टी दिसते. आमच्याकडे अशा जुन्या याद्या एकदा घाऊक रूपांतरित केल्या आणि तपासणी न करता वापरायला घेतल्या. त्यात आडवा ‘र’ गेला. ‘कुऱ्हाडे’ होते त्यांचे ‘कुर्हाडे’ झाले, ‘बऱ्हाटे’ होते त्यांचे ‘बर्हाटे’ झाले. दुबार पदवी प्रमाणपत्रं छापून हातात गेल्यावर एका निवृत्त शिक्षकांनी कार्यालयात येऊन शांतपणे विचारलं, “माझ्या वडिलांचं आडनाव तुम्ही कोणत्या अधिकारात बदललंत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी नावाच्या बाबतीत घाई करत नाही.

तुम्ही हे असं करा. पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, हाच विद्यार्थ्याचा एकमेव ओळख क्रमांक धरा. ग्रंथालय, वसतिगृह, परीक्षा, जिमखाना, सगळीकडे तोच. त्याखाली नावाचे तीन रकाने वेगळे ठेवा: दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसं, आधारवर जसं आहे तसं, आणि देवनागरीत विद्यार्थ्याने स्वतः लिहून दिलं तसं. एकाने दुसऱ्याला पुसायचं नाही. बदल झाला तर कोणत्या कागदाच्या आधारे, कोणी, कधी केला, ही नोंद कायम राहिली पाहिजे. प्रवेशाच्या वेळीच प्रत्येकाला छापील चिठ्ठी दाखवा आणि सही घ्या. नाव जुळत नसेल त्याला तेव्हाच सांगा की आधार केंद्रावर जाऊन काय दुरुस्त करून आणायचं. दीड-दोन हजार विद्यार्थ्यांचं हे काम चार माणसांनी नेटाने केलं तर तीन-चार आठवड्यांत होतं. पाच कोटींतला एक रुपयाही न वापरता.

दुसरी गोष्ट तुमच्या कार्यालयातल्या माणसांची. आमच्या परीक्षा विभागात एक ज्येष्ठ लिपिक बाई होत्या. एटीकेटी, म्हणजे काही विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जायची सवलत, कोणाला मिळते, ग्रेसचे गुण कुठे देता येतात आणि कुठे नाही, जुन्या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी नव्या अभ्यासक्रमात आला तर कोणता विषय कशाशी समकक्ष धरायचा, हे सगळं त्यांना तोंडपाठ. नवी संगणक प्रणाली लिहायला घेतली तेव्हा प्रोग्रामर मुलांकडे ऑर्डिनन्सची, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षा नियमांची, छापील प्रत होती. त्यांनी तिच्यावरून काम केलं आणि पहिल्याच चाचणीत शे-दोनशे निकाल चुकले. नियम छापील होते, पण दोन नियम एकाच विद्यार्थ्याला लागू झाले तर आधी कोणता लावायचा, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते बाईंना माहीत होतं. मग आम्ही त्यांच्यासमोर अकरा दिवस बसलो. त्या लेजर, म्हणजे निकालांची जाडजूड नोंदवही, उघडून एकेक उदाहरण दाखवायच्या, आम्ही लिहून घ्यायचो. त्यातून ४० पानांची वही झाली आणि प्रणाली खऱ्या अर्थाने तिच्यावर उभी राहिली. बाई पुढच्या मार्चमध्ये निवृत्त झाल्या. ते अकरा दिवस आम्ही काढले नसते तर ते ज्ञान त्यांच्याबरोबर घरी गेलं असतं.

तुमच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं, कारण स्वायत्ततेमुळे परीक्षेचे नियम आता तुम्ही करणार. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा आपल्या राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला वैकल्पिक, कौशल्य, भारतीय ज्ञान प्रणाली अशा टोपल्यांमधून प्रत्येक जण वेगळी निवड करतो. पूर्वी ‘एफवायबीए, ब तुकडी’ म्हटलं की वेळापत्रक ठरलेलं असायचं. आता एकाच बाकावरच्या दोघांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. हे कागदावर सांभाळणं माणसाच्या आवाक्यातलं राहिलेलं नाही. संगणकाची खरी गरज इथे आहे, आणि पैसा इथे लावा. पण आधी नियम लिहून काढा, साध्या मराठीत, उदाहरणांसह, आणि परीक्षा समितीकडून मंजूर करून घ्या. कंपनीला तो कागद द्या. त्यांच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये बसेल असा तुमचा नियम वाकवू नका.

घाई केली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं, तेही परीक्षांचा हंगाम सुरू असताना, सगळ्या विद्याशाखांसाठी एकदम. कायद्यानुसार निकाल फार तर ४५ दिवसांत लागायला हवेत. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली. परदेशी किंवा दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळालेली मुलं हातात निकाल नसल्याने अडकली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. पडद्यावर उत्तरपत्रिका तपासणं ही पद्धत वाईट नाही. बेरजेच्या चुका टळतात, फोटोकॉपी लगेच देता येते. पण कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर, बसून लाल पेनाने तपासण्याची तीस वर्षांची सवय एका हंगामात मोडत नाही. तुम्ही करणार असाल तर एका विभागाच्या एकाच विषयापासून सुरू करा, एक सत्र दोन्ही पद्धतींनी समांतर चालवा, गुण ताडून पाहा. दुसऱ्या सत्रात आणखी चार विषय घ्या. तीन वर्षं लागली तर लागू द्या.

आता नेटवर्क. आपली जुनी संकुलं वेगळ्याच काळासाठी बांधलेली आहेत. मुंबई विद्यापीठाचा फोर्टमधला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. पुणे विद्यापीठाची गणेशखिंडीतली मुख्य इमारत तर मुळात गव्हर्नरांच्या निवासासाठी होती. तुमची इमारत इतकी जुनी नसली तरी दगड तोच. दीड-दोन फुटांच्या बेसाल्टमधून वाय-फाय नीट जात नाही, आणि ५ गिगाहर्ट्झचा तर पलीकडच्या खोलीत मागमूसही राहत नाही. कंपन्या स्वस्तात बसावं म्हणून यंत्रं व्हरांड्यात लावतात. पाहणीच्या दिवशी सगळे व्हरांड्यात उभे राहून फोनवर पूर्ण दांडे पाहतात आणि सही करतात. वर्गात बसलेल्या ८० मुलांना काहीच मिळत नाही. प्रत्येक मोठ्या वर्गात स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट घ्या आणि त्याची चाचणी वर्ग भरलेला असताना, शेवटच्या बाकावरून करा. तसं कंत्राटातच लिहा.

एक चूक मात्र कोणाच्याही सांगण्यावरून करू नका: एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची केबल टाकू नका. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात वसतिगृहापासून ग्रंथालयापर्यंत अशी केबल झाडांवरून नेली होती. वळवाच्या पावसात जवळच वीज पडली आणि एका संध्याकाळी अकरा स्विच गेले, शिवाय जोडलेल्या संगणकांचे पोर्ट. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, त्यांच्यातला फरक तांब्यातून धावतो. इमारतींमध्ये फायबरच हवी, तीही वर धातूचं कवच असलेली, कारण उंदीर साधी केबल सोडत नाहीत. जमिनीखालून नेली तर तिचा नकाशा काढून बांधकाम समितीकडे द्या. नाहीतर पुढच्या पाण्याच्या पाइपलाइनच्या वेळी जेसीबी ती उखडणार. इमारत वारसा यादीत असेल तर भिंतीला छिद्र पाडण्याआधी परवानगी लागेल, ती आत्ताच मागा. आणि यूपीएसच्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांत बदलाव्या लागतात, हे आजच अंदाजपत्रकात लिहा.

स्मार्ट बोर्डांबद्दल फार सांगत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी त्यांचा वापर महागड्या पडद्यासारखा होतो. चांगला प्रोजेक्टर, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाणारा माइक, खिडक्यांना जाड पडदे आणि प्रत्येक बाकाजवळ चार्जिंगची सोय, एवढ्यात वर्गाचं काम भागतं. उरलेल्या पैशांत अभ्यासिका रात्री १० पर्यंत उघडी ठेवा. घरी एका खोलीत पाच माणसं असलेल्या मुलीला उजेड, शांतता आणि इंटरनेट एकत्र मिळण्याची ती एकच जागा असते.

फोनचाही विचार त्या मुलीच्या बाजूने करा. ऑक्टोबर २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन झाल्या तेव्हा भावाचा फोन मागून, गावाबाहेरच्या टेकाडावर बसून पेपर देणाऱ्या मुलींचे कॉल मी मदत कक्षात घेतले आहेत. तुमची प्रणाली साध्या फोनवर, कमकुवत सिग्नलवर चालते का, हे विकत घेण्याआधी तपासा. मोठं ॲप उतरवायला लावू नका. सूचना म्हणजे तिरक्या स्कॅन केलेल्या कागदाचा फोटो नसावा; युनिकोड मराठीत टाइप केलेला मजकूर असावा, म्हणजे शोधता येतो आणि अंध विद्यार्थ्याला फोनकडून वाचून घेता येतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका एकदाच घ्या, शक्य तिथे थेट डिजिलॉकरमधून. आज प्रवेशाचा अर्ज भरायला मुलं सायबर कॅफेत पैसे मोजतात. अर्ज इतका सोपा करा की तिथे जायची गरजच पडू नये.

ग्रंथालयात तुमच्या हाती बरंच काही आयतं आहे, फक्त वापरायचं आहे. इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं केंद्र, आज गांधीनगरला आहे, पण १९९१ मध्ये त्याचा प्रकल्प सुरू झाला तो पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत. त्यांचं ‘सोल’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर कदाचित तुमच्याकडे आधीच असेल. ‘शोधगंगा’वर देशभरातले पीएचडीचे प्रबंध मोफत वाचता येतात. महाविद्यालयांसाठी ई-पुस्तकं आणि नियतकालिकं देणारी ‘एन-लिस्ट’ आहे. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं, त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं आहेत. ते केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे, तेव्हा तुमचं महाविद्यालय त्यात बसतं का ते ग्रंथपालांना तपासायला सांगा. मात्र मराठी पुस्तकांच्या सूचीकडे लक्ष द्या. लेखकाच्या आद्याक्षरांत कुठे पूर्णविराम, कुठे मोकळी जागा, कुठे दोन्ही नाहीत, अशा नोंदी असतील तर पुस्तक कपाटात असूनही शोधात सापडत नाही. सुट्टीत मराठी विभागाची चार मुलं मानधनावर घेतली तर हे काम उत्तम होतं.

कंत्राटाबद्दल. एका महाविद्यालयाचा सॉफ्टवेअर कंपनीशी करार संपला आणि सहा वर्षांची विद्यार्थ्यांची माहिती मागितली तेव्हा कंपनीने हजारो पानांच्या पीडीएफ दिल्या. त्या पुन्हा हाताने टाइप कराव्या लागल्या. म्हणून करारात चार वाक्यं हवीतच. माहितीची मालकी महाविद्यालयाची. दर महिन्याला पूर्ण माहितीची प्रत, कोणत्याही दुसऱ्या प्रणालीत उघडता येईल अशा स्वरूपात, टेबलांच्या रचनेच्या कागदासह. करार संपल्यावर तीन महिने स्थलांतराला मदत. आणि मूळ कंपनी बंद पडली तर काय, याचं उत्तर. तसंच शिक्षण मंत्रालयाची ‘समर्थ’ प्रणाली पाहिल्याशिवाय खासगी करार करू नका. दिल्ली विद्यापीठात ती विकसित झाली, प्रवेश, परीक्षा, वेतन, फाइल असे ४० हून अधिक भाग तिच्यात आहेत आणि मुंबई विद्यापीठाचे प्रवेशही तिच्यावरून होतात. सगळे भाग सारखेच चांगले चालतात असं माझं मत नाही. पण प्रवेश आणि आस्थापनेसाठी पुरेशी आहे.

संकेतस्थळाचं नाव कोणाच्या ईमेलवर नोंदलेलं आहे, ते आजच पाहा. माजी विद्यार्थ्याने दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या खात्यावरून घेऊन दिलेलं असतं आणि तो आता परदेशात असतो. शैक्षणिक संस्थांसाठीचं ‘एसी डॉट इन’ अर्नेट या सरकारी संस्थेकडून मिळतं, तेच घ्या. सरकारी पोर्टलांचे ओटीपी कोणाच्या फोनवर येतात तेही पाहा. निवृत्त अधीक्षकांना फोन करून ओटीपी विचारणारी कार्यालयं मी पाहिली आहेत. महाविद्यालयाचं स्वतंत्र सिमकार्ड घ्या. आणि मुलींचे मोबाइल क्रमांक, जातीचा प्रवर्ग असलेल्या याद्या व्हॉट्सॲप गटांवर टाकणं आजपासून बंद करा. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी ते चुकीचंच होतं.

हे सगळं चालवणार कोण? अनुदानित महाविद्यालयाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाचं पद सहसा नसतं. मग भौतिकशास्त्राचे एखादे उत्साही सर ते अंगावर घेतात, तास सांभाळून, विनामोबदला, आणि तीन वर्षांत थकतात. अनुदानातून यंत्रं मिळतात, पगार मिळत नाही. माझा ठोकताळा असा की यंत्रसामग्रीच्या किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम दरवर्षी देखभाल आणि माणसांसाठी लागते. संस्थेने ती द्यायचं लेखी मान्य केलं तरच खरेदीचा आदेश काढा. एवढे पैसे नसतील तर निम्मी यंत्रं घ्या.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण प्रत्येक ठिकाणी निघतो. नवीन सर्व्हर रूमसाठी जागा हवी म्हणून तळमजल्यावरची जुनी लेजरं हलवायची ठरतात आणि त्यातली काही रद्दीत जातात. तसं होऊ देऊ नका. लेजर हाच मूळ पुरावा आहे. तीस वर्षांपूर्वी बीएस्सी झालेला माणूस कॅनडातून ट्रान्सक्रिप्ट मागतो, पोलीस भरतीची पडताळणी येते, पेन्शनच्या फाइलीत शंका निघते, तेव्हा त्या पिवळ्या पानाशिवाय दुसरं काही नसतं. स्कॅनिंग १९६५ पासून क्रमाने करू नका. गेल्या दोन वर्षांत कोणत्या सालांच्या प्रती सर्वाधिक मागितल्या गेल्या ते आवक रजिस्टरवरून काढा आणि ती सालं आधी घ्या. बांधणी न उसवता, वरून फोटो घेणाऱ्या स्कॅनरने, ३०० डीपीआयवर. प्रत्येक पानाला वर्ष, परीक्षा आणि पहिला-शेवटचा आसन क्रमांक एवढी नोंद पुरे. सगळे गुण टाइप करत बसू नका, त्यात नव्या चुका शिरतात. प्रतींचा एक संच महाविद्यालयाबाहेर ठेवा. आणि मूळ लेजरं कोरड्या, वाळवी नसलेल्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच लोखंडी मांडणीवर. सर्व्हरला दुसरी खोली शोधा.